४ जीबीच्या जोडीला ८ जीबीची रॅम चालते का? रॅम वाढवण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नात्यात, सोसायटीत, जुन्या ऑफिसात कुणाचाही कॉम्प्युटर रडायला लागला की फोन मला येतो, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलं. यातलं बरंचसं स्वतः हात काळे करून शिकलोय, त्यामुळे काही ठिकाणी जरा जास्तच बोललोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे ४ जीबीची एक रॅम आहे. शेजारी ८ जीबीची लावली तर चालेल का? दुकानदार म्हणतो दोन्ही सेमच लागतात.

चालते. १२ जीबी दिसणार आणि १२ च्या १२ वापरता येणार. साइज सेम असलीच पाहिजे असा नियमच नाहीये, सेम लागते ती जनरेशन, म्हणजे डीडीआर३ च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ आणि डीडीआर४ मध्ये डीडीआर४. आणि ते चुकीचं लावताही येत नाही कारण खालची खाच वेगळ्या जागी असते, बळजबरी केली तर स्लॉट तुटेल पण रॅम काही बसणार नाही. दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, त्याला तुम्ही उद्या परत आलेले नको असता. सेम ब्रँडची जोडी विकली की त्याच्या डोक्याला ताप नाही, एवढंच.

पण मग ड्युअल चॅनल, म्हणजे दोन रॅमनी एकाच वेळी डेटा द्यायची सोय, जातं ना?

पूर्ण जात नाही, आणि हाच मुद्दा लोकांना कुणी नीट सांगत नाही.

नळाचं पाणी यायची वेळ झालीय समजा. दोन नळ आहेत, एकाखाली छोटं पिंप, दुसऱ्याखाली त्याच्या दुप्पट मोठं. दोन्ही नळ सोडले की छोटं पिंप भरेपर्यंत दोन्ही नळांचं पाणी कामाला येतं, ते भरलं की मग मोठ्या पिंपाचा उरलेला अर्धा भाग एकट्या नळावर भरतो. रॅमचं तसंच. ४ आणि ८ लावली तर ४ मधले ४ आणि ८ मधले ४ असे मिळून ८ जीबी ड्युअल चॅनलमध्ये चालतात, आणि उरलेले ४ जीबी सिंगलमध्ये. इंटेलवाले याला फ्लेक्स मोड म्हणतात आणि हे २००४ सालच्या ९१५ आणि ९२५ चिपसेटपासून आहे, म्हणजे काही नवीन जादू नाही. एएमडीच्या मशीनवरही असमान साइज लावून चालतातच.

हाच हिशोब बाकी जोड्यांना लावा: ८ आणि १६ मिळून २४, त्यातले १६ ड्युअल, ८ सिंगल. ४ आणि १६ मिळून २०, त्यातले ८ ड्युअल आणि १२ सिंगल, ही जोडी जरा लंगडी पण तरीही नुसत्या ४ पेक्षा लाख पटीने बरी. कुठला प्रोग्राम ड्युअलच्या भागात बसेल आणि कुठला सिंगलच्या हे आपल्या हातात नसतं.

आकड्यात सांगायचं तर एका चॅनलची रुंदी ६४ बिट, दोन मिळून १२८. डीडीआर४ ची २४०० स्पीडवाली एक स्टिक, म्हणजे रॅमची एक पट्टी, सेकंदाला १९.२ जीबी डेटा देऊ शकते, दोन चॅनल झाले की ३८.४. ३२०० वाली असेल तर २५.६ आणि ५१.२. हे कागदावरचे आकडे बरं का, प्रत्यक्षात कमीच मिळतं.

मग फरक जाणवतो कुठे?

टॅली, एक्सेल, क्रोमचे वीस टॅब, ऑनलाइन फॉर्म भरणं, मुलांचे क्लासेस यात ड्युअल आहे की अर्धं ड्युअल हे तुम्हाला ओळखूसुद्धा येणार नाही. इथे प्रश्न फक्त रॅम पुरते की नाही एवढाच असतो. रॅम संपली की विंडोज डिस्कवर ढकलाढकली सुरू करतं आणि डिस्क ही रॅमपुढे बैलगाडी आहे. म्हणून माझं पहिल्यापासून एकच मत आहे, आधी जीबी पुरेसे करा, मग जोडी जुळवत बसा. सेम जोडीचं ८ जीबी की विजोड १२ जीबी असं कुणी विचारलं आणि काम ८ मध्ये मावत नसेल तर मी डोळे झाकून १२ सांगतो.

अपवाद एक, आणि तो महत्त्वाचा. वेगळं ग्राफिक कार्ड नसेल आणि गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग करत असाल तर तिथे ड्युअल चॅनल खरंच लागतं, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स तीच रॅम वापरतं. ११ व्या जनरेशनच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत तर गंमतच आहे, एकच स्टिक असेल तर ग्राफिक्सचं नाव साधं यूएचडी दिसतं आणि दुसरी लावली की तेच आयरिस एक्सई म्हणून दिसायला लागतं. माझ्या मावसभावाला वाटलं त्याला जाहिरातीत एक दाखवून दुसराच लॅपटॉप दिला, भांडायला निघाला होता. एक स्टिक वाढवली, विषय संपला.

माझ्या मदरबोर्डला चार स्लॉट आहेत. ४, ४ आणि ८ अशा तीन आहेत, कशा लावू?

इथे थोडं डोकं लावलं तर पूर्ण ड्युअल चॅनल फुकटात मिळतं. दोन चॅनलची बेरीज सारखी झाली पाहिजे, स्टिकची साइज नाही. म्हणजे दोन्ही ४ वाल्या एका चॅनलवर आणि ८ वाली दुसऱ्यावर. झालं, दोन्हीकडे ८. चॅनल ओळखायचं कसं तर बोर्डवर स्लॉटशेजारी बारीक अक्षरात ए१, ए२, बी१, बी२ छापलेलं असतं, ए वाले दोन्ही एक चॅनल, बी वाले दुसरं. रंगावर फार जाऊ नका, एकाच रंगाचा अर्थ प्रत्येक कंपनी वेगळा लावते. आणि दोनच स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट वापरायचा. शेजारी शेजारी लावून वर्षानुवर्षं सिंगल चॅनलवर चालवणारे कितीतरी लोक आहेत, मी स्वतः कॉलेजात असताना त्यातलाच एक होतो.

एक २४०० ची आणि एक ३२०० ची, चालेल?

चालेल, दोन्ही २४०० वर धावतील. बैलजोडीत हळू चालणाऱ्या बैलाच्या चालीनेच गाडी चालते. टायमिंगचंही, म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती वेळ घेते त्याचंही, तेच, जी ढिली तिचं ऐकलं जातं. आणि नवीन रॅम कितीही पळणारी घेतली तरी प्रोसेसर आणि बोर्ड परवानगी देतील तितकंच, म्हणजे आय५ ८४०० आहे आणि साधा एच सिरीजचा बोर्ड आहे तर ३२०० ची रॅम २६६६ वरच चालणार. त्यामुळे जुन्या मशीनसाठी महाग गेमिंगवाली, लाइटवाली रॅम घेऊ नका. लाइट मात्र लागतील.

दुकानात जायच्या आधी आहे ती रॅम कोणती ते कसं बघू?

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, परफॉर्मन्समध्ये मेमरी. तिथे स्पीड दिसतो, किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे ते घेतलं तर प्रत्येक स्लॉटची वेगळी कुंडली दिसते. त्यात फ्रिक्वेन्सी १६०० दाखवली म्हणून घाबरू नका, डीडीआर म्हणजे डबल डेटा रेट, १६०० दिसतंय म्हणजे तुमची ३२०० वालीच आहे.

पण सगळ्यात पक्कं काम म्हणजे झाकण उघडून लेबलचा फोटो काढणं. त्यावर असं काहीतरी असतं: ८ जीबी, १आर×८, पीसी४, २६६६. पीसी४ म्हणजे डीडीआर४, पीसी३ म्हणजे डीडीआर३. काहींवर मोठा आकडा असतो, पीसी४ १९२०० म्हणजे २४००, २१३०० म्हणजे २६६६, २५६०० म्हणजे ३२००. १आर म्हणजे एक रँक आणि ×८ ही त्यातल्या चिपची जात, हे जुळलं तर चांगलं, नाही जुळलं तरी सहसा अडत नाही. फोटो घेऊन दुकानात जा. "भाऊ लॅपटॉपची रॅम द्या" एवढं बोलून जाऊ नका.

डीडीआर३ आणि डीडीआर३एल एकच ना?

नाही, इथे फसगत होते. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टवर चालते, एल वाली १.३५ वर. एल वाली दोन्ही व्होल्टेजवर चालते, साधी मात्र फक्त १.५ वर. इंटेलच्या चौथ्या जनरेशनच्या लॅपटॉपांना एल वालीच लागते, तिथे साधी लावली तर स्क्रीन काळी. लेबलवर पीसी३एल लिहिलंय का ते बघा, त्या एका अक्षरावर सगळं आहे. जुन्या लॅपटॉपसाठी घेताना मी नेहमी एलच मागतो म्हणजे कुठेही लागते.

लॅपटॉपमध्ये एकच स्लॉट दिसतोय, तरी ८ जीबी कशी काय दाखवतोय?

म्हणजे बाकीची बोर्डवरच सोल्डर केलेली आहे. आजकाल हे फार कॉमन आहे. टास्क मॅनेजरमध्ये फॉर्म फॅक्टरपुढे रो ऑफ चिप्स असं काही लिहिलेलं असेल तर ओळखून जा. अशा लॅपटॉपात मिक्स करण्यावाचून पर्यायच नसतो, कारण सोल्डरवाली काढता येत नाही. बोर्डवर ४ असेल तर मी स्लॉटमध्ये ८ टाकतो, ४ टाकून पूर्ण ड्युअल करण्यात आता राम नाही, ८ जीबीत विंडोज ११ आणि क्रोम कसंबसं संसार करतात. बोर्डवर ८ असेल तर ८ लावून १६ पूर्ण ड्युअल होतात, ही सगळ्यात सुखी जोडी.

आणि रॅमच्या नावात एलपी असेल, म्हणजे एलपीडीडीआर४ किंवा ५, तर ती जवळजवळ नेहमी सोल्डरवालीच असते आणि अशा लॅपटॉपात सहसा वेगळा स्लॉटही नसतो. टास्क मॅनेजरमधल्या स्लॉटच्या आकड्यावर विश्वास ठेवून ऑर्डर देऊ नका, तो सोल्डरवाल्या चिपलाही स्लॉट म्हणून मोजतो. ॲपलच्या एम१ पासूनच्या सगळ्या मशीन, म्हणजे २०२० च्या शेवटापासून, त्यात रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते, तिथे नंतर काहीही होत नाही, घेतानाच काय ते ठरवा.

जास्तीत जास्त किती लावता येईल?

तीन ठिकाणी मर्यादा असते: प्रोसेसर, बोर्ड आणि विंडोज. जुन्या एच६१ बोर्डवर सहसा दोनच स्लॉट आणि १६ जीबी, पुढे नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर बघून घ्या.

तिसरी मर्यादा लोक विसरतात. आमच्याकडच्या एका डीटीपीवाल्या काकांनी हौसेने ८ जीबी टाकली आणि मला बोलावलं की फक्त ३.२ च वापरतोय, रॅम डुप्लिकेट दिली वाटतं. रॅम बरोबर होती, विंडोज ७ होती आणि ती ३२ बिट. ३२ बिटवाली विंडोज ४ जीबीच्या वर वापरतच नाही, आणि त्यातलाही काही भाग ग्राफिक्स वगैरेंच्या पत्त्यांसाठी जातो. ६४ बिट टाका म्हटलं तर काका म्हणाले माझं मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर आणि त्याचा डोंगल त्यावर चालत नाही, लग्नपत्रिकांचा सीझन तोंडावर आलाय. बरोबर आहे त्यांचं, मग नवीन रॅम काढून मुलीच्या मशीनमध्ये टाकली. विंडोज ७ होम बेसिक ६४ बिट असली तरी तिचीही मर्यादा ८ जीबीच आहे हे जाता जाता सांगतो.

ऑनलाइन १६ जीबीची रॅम अर्ध्या किमतीत मिळतेय, घेऊ?

आधी नाव पूर्ण वाचा. त्यात आरडिम किंवा रजिस्टर्ड असं लिहिलं असेल तर ती सर्व्हरमधून निघालेली रॅम आहे, दिसायला अगदी सारखी, बसतेही, पण घरच्या बोर्डवर चालू होत नाही. दुसरा सापळा डीडीआर३ मध्ये आहे, डेस्कटॉपच्या स्वस्त ८ जीबी स्टिक ज्यावर बारीक अक्षरात फक्त एएमडीसाठी असं लिहिलेलं असतं, त्या इंटेलवर चालत नाहीत. माझे एकदा असेच पैसे गेले, विकणारा म्हणाला साहेब लिहिलं होतं ना, आणि खरंच लिहिलं होतं.

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सेकंड हँड घेत असाल तर शक्य असेल तेव्हा मशीन घेऊनच जा, तिथेच लावून चालू करून बघा आणि किती दिवसांत बदलून देणार ते बिलावर लिहून घ्या. स्टिकवरचं स्टिकर फाडू नका, वॉरंटी त्यावरच असते. २०२५ च्या शेवटी शेवटी एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीचे भाव जे भडकले त्यानंतर तर आहे ती जुनी स्टिक ठेवून शेजारी एक लावणं यालाच जास्त अर्थ आलाय, नाहीतर पूर्वी मीही म्हणायचो काढून टाक आणि जोडी घे.

घरी स्वतः लावता येईल का?

येईल. बंद करा, वायर काढा, लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचा कनेक्टरही काढा, मग पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवा, विशेषतः हिवाळ्यात नागपुरात किंवा पुण्यात हवा कोरडी असते तेव्हा, कोकणात पावसाळ्यात एवढी भीती नाही. डेस्कटॉपला खाच जुळवून दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबायची. लॅपटॉपला तिरकी सरकवायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही बाजूच्या क्लिपा स्वतः अडकतात. सोनेरी दातांना बोट लावायचं नाही.

लावल्यावर चालू नाही झालं, नुसती बीप बीप झाली, तर दहातल्या नऊ वेळा ती नीट बसलेली नसते असा माझा अनुभव. काढा, जुनी असेल तर सोनेरी दातांवरून मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका, परत लावा. शाईचं खरखरीत खोडरबर नको.

चालू झालं पण मधेच हँग होतं, निळी स्क्रीन येते.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी चालू असेल तर बंद करा. एक्सएमपी हे त्या एका स्टिकचं किंवा सेटचं पळायचं माप आहे, दुसरी परकी स्टिक त्या मापात बसेलच असं नाही. बंद केल्यावर स्पीड थोडा कमी होईल पण मशीन शांत होईल. बायोसमध्येच जाता येत नसेल तर बोर्डवरचा सीआर२०३२ चा बटण सेल वायर काढून पाच मिनिटं काढून ठेवा, सगळं मूळपदावर येतं.

तरीही तेच, तर एकेक स्टिक एकटी लावून बघा. मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा, एक जरी एरर आली तरी ती स्टिक बदलून घ्या, "एकच तर आहे" म्हणू नका. ती एक एरर कुठल्या फाइलमध्ये जाऊन बसेल सांगता येत नाही. दोन्ही स्टिक एकट्या पास आणि एकत्र नापास असंही होतं, मग मात्र त्यांचं जमत नाही असंच समजायचं. पत्रिका जुळूनही कधी कधी होतं तसं.

१२ जीबी टाकली पण वापरण्याजोगी ९.९ दाखवतोय!

साधारण २ जीबी ग्राफिक्सने राखून ठेवली आहे, एएमडी रायझनच्या मशीनवर हे नेहमीचं. बायोसमध्ये तो आकडा कधी कमी करता येतो, कधी नाही. पण अख्खी एक स्टिकच दिसत नसेल तर मात्र ती नीट बसलेली नाही.

रॅम वाढवली आणि सी ड्राइव्हची जागाच कमी झाली, हे काय?

हायबरनेटची फाइल, म्हणजे मशीन बंद करताना रॅममधलं जे डिस्कवर जपून ठेवतात ती. ती रॅमच्या साधारण ४० टक्के असते, रॅम वाढली की तीही फुगते. १२० जीबीची एसएसडी असेल तर ते जाणवतं. हायबरनेट बंद करता येतं पण मग फास्ट स्टार्टअपही जातं.

आधी रॅम की आधी एसएसडी?

अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी. वाद नको. एसएसडी आहे आणि नेहमीचं काम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये मेमरी ८५-९० टक्क्यांवर चिकटलेली असेल तर रॅम. आणि विंडोज ११ साठी म्हणून रॅम घेत असाल तर थांबा, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनचा किंवा नंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेसाठीची चिप) लागतं, ते रॅमने येत नाही.

डीडीआर५ मध्ये मिक्स केलं तर?

साइज वेगळी चालते, पण डीडीआर५ जरा नखरेल आहे. २४ आणि ४८ जीबीच्याही स्टिक मिळतात, त्यामुळे १६ च्या जोडीला २४ असले हिशोब दिसतात, तिथे आधी बायोस अपडेट करा. चार स्टिक लावल्या तर स्पीड चांगलाच पडतो, रायझन ७००० ला दोन स्टिकवर ५२०० अधिकृत आहे आणि चारवर ३६००. म्हणून तिथे मी दोनच मोठ्या घ्या म्हणतो. पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहते, मशीन रॅमशी ओळख करून घेत असतं, घाबरून बटण दाबू नका, चहा टाका. आणि सीपीयू-झेडमध्ये एकाच स्टिकला २×३२ बिट दिसलं म्हणजे ड्युअल चॅनल झालं असं नाही, डीडीआर५ च्या एका स्टिकमध्येच दोन अर्धे चॅनल असतात.

काढलेली जुनी २ जीबीची स्टिक कुणाला देऊ?

सगळे स्लॉट भरल्यामुळे काढली असेल तर स्टिक आली होती त्याच प्लास्टिकच्या खोक्यात किंवा अँटिस्टॅटिक पिशवीत ठेवा, वर्तमानपत्रात गुंडाळून ड्रॉवरमध्ये नको. मशीन चालू होत नाही अशी तक्रार आली की रॅम खराब की बोर्ड खराब हे ठरवायला एक चालणारी जादा स्टिक फार कामाला येते. माझ्याकडे डीडीआर२ पासूनच्या आहेत, बायको दर दिवाळीच्या साफसफाईला विचारते.